उत्क्रांतीला शिडी नसते

ते चित्र तुम्ही शंभरदा पाहिलेलं असणार. डावीकडे वाकलेलं माकड, मग जरा ताठ झालेला कुणी, मग हातात हत्यार घेतलेला, आणि सगळ्यांत उजवीकडे ताठ मानेने चालणारा माणूस. मीममध्ये त्याच्याही पुढे एकजण असतो, मोबाइलवर पुन्हा वाकलेला. मूळ चित्र रुडॉल्फ झालिंगर या चित्रकाराने १९६५ साली आदिमानवावरच्या एका पुस्तकासाठी काढलं होतं. आज ते टी-शर्टवर आहे, कोचिंग क्लासच्या फ्लेक्सवर आहे आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आपल्या डोक्यात आहे.

या लेखाचं म्हणणं एका ओळीत सांगते: ते चित्र खोटं आहे, आणि त्याची किंमत नंदुरबारसारख्या जिल्ह्यातली माणसं मोजतात. उत्क्रांती म्हणजे खालून वर जाणं नव्हे. तिथे पुढारलेला कुणी नसतो आणि मागासलेलाही कुणी नसतो. हे पटवून द्यायला माझ्याकडे जो साक्षीदार आहे तो समुद्राच्या तळाशी डोक्यावर उभा आहे. त्याचं नाव बार्नॅकल.

थोडा दोष आपल्या शब्दाचाही आहे. 'उत्' म्हणजे वर, 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणं. 'उत्क्रांती' म्हटलं की पाऊल आपोआप वरच पडतं. हिंदीने तर 'विकासवाद' असाच शब्द केला. आणि 'विकास' या शब्दाचा अर्थ नर्मदाकाठच्या माणसांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली जी ३३ गावं आली, ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी याच दोन तालुक्यांतली.

डोक्यावर उभा राहणारा प्राणी

मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांवर, जेट्टीच्या खांबांवर, होडीच्या तळाला पांढरट, खरखरीत, छोट्या ज्वालामुखीसारखे दिसणारे कवच चिकटलेले असतात. पाय घसरला तर कातडी सोलून काढतात. ते बार्नॅकल. होडीचा तळ वेळोवेळी खरवडून काढावा लागतो तो यांच्यामुळेच. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत यांच्यावर वर्षानुवर्षं संशोधन झालं आहे, कारण जहाजाला चिकटलेलं हे ओझं इंधन खातं.

दिसायला शिंपल्याचा भाऊ. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही त्याला शिंपल्यांच्याच घरात टाकलं होतं. १८३०च्या सुमारास जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी त्याची पिल्लं पाहिली तेव्हा कळलं, की हा तर कोळंबी-खेकड्यांचा नातेवाईक. पिल्लू सूक्ष्म असतं, पोहतं, कात टाकत टाकत वाढतं. शेवटच्या अवस्थेत ते खाणं बंद करतं आणि फक्त जागा शोधतं. जागा पसंत पडली की डोकं खाली टेकवून स्वतःला कायमचं चिकटवून घेतं, भोवती कवच बांधतं आणि उरलेलं आयुष्य पिसांसारखे पाय पाण्यात हलवून अन्न ओढत काढतं.

या प्राण्यासाठी चार्ल्स डार्विनने आठ वर्षं दिली, १८४६ ते १८५४. उत्क्रांतीची कल्पना त्याच्या वहीत तयार होती, पण ती छापण्याआधी त्याने जगभरातून बार्नॅकल मागवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक उघडून पाहिला. घरात हे इतकं रोजचं झालं होतं, की त्याच्या एका मुलाने शेजाऱ्यांबद्दल विचारलं, 'मग ते त्यांचे बार्नॅकल कुठे करतात?' असा किस्सा सांगतात. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' आलं १८५९ला, बार्नॅकलनंतर.

आठ वर्षं का? कारण या प्राण्याच्या संसारात डार्विनला असं काही सापडलं, की नर-मादीच्या साध्या हिशेबाने त्याचा उलगडाच होईना.

एकाच घराण्यातले अनेक संसार

आधी उथळ पाण्यातला संसार पाहू. तिथले बहुतेक बार्नॅकल उभयलिंगी, म्हणजे एकाच देहात नरही आणि मादीही. पण बहुतेकांना जोडीदार लागतोच. अडचण अशी, की सगळे जागेला चिकटलेले. उठून शेजारी जाता येत नाही. मग उपाय काय? शरीराच्या मानाने प्राणिजगतातलं सगळ्यांत लांब शिश्न, काही जातींत देहाच्या आठपट. ते लांबवून शेजाऱ्यापाशी पोचायचं. हसू आलं तर हसा, पण हिशेब पाहा. शेजार दाट असेल तरच हा उपाय चालतो.

त्यातही परिस्थिती हात घालतेच. २००८ साली नॉयफेल्ड आणि पामर या कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं, की एकाच जातीतल्या, लाटांचा मारा झेलणाऱ्या बार्नॅकलचं शिश्न आखूड आणि जाड असतं, शांत पाण्यातल्याचं लांब आणि बारीक. जागा बदलून पाहिली तर त्या एकाच आयुष्यात आकारही बदलला. २०१३ साली पॅसिफिक किनाऱ्यावरच्या एका जातीत आणखी एक गोष्ट कळली: शेजारी पोचता येत नसेल, तर पाण्यात सोडलेलं वीर्य दुसरा बार्नॅकल पकडून घेतो.

आता खोल पाण्यात उतरू. हजारो मीटर खाली उजेड नाही. अन्न म्हणजे वरून गळत येणारा कचरा. तळ बहुतेक मऊ गाळाचा, त्यामुळे चिकटायला कठीण जागा म्हणजे कुठेतरी एखादा दगड, एखादं कवच, एखादी प्रवाळाची फांदी. त्या जागेवर एखाददुसराच बार्नॅकल मावणार आणि जगणार. शेजारी नाहीच. आठपट लांबी काय कामाची?

इथे जे दिसतं ते डार्विनने अशाच देठवाल्या बार्नॅकलमध्ये पहिल्यांदा पाहिलं होतं. 'इब्ला'च्या एका जातीत मोठ्या मादीच्या अंगाला किड्यासारखं काहीतरी चिकटलेलं होतं. परजीवी वाटावं असं. तो तिचा नर निघाला. 'स्कॅल्पेलम'मध्ये तर आणखी गंमत: उभयलिंगी बार्नॅकल, आणि तरीही त्याच्या कवचाच्या काठाशी चिकटलेले इवले नर. स्कॅल्पेलमच्या खोल समुद्रातल्या नातेवाइकांत असे बटू नर सर्रास आढळतात. कित्येकांना तोंड नसतं, आतडं नसतं. पिल्लूपणात साठवलेल्या शिदोरीवर ते जगतात, वीर्य बनवतात आणि संपतात.

आपल्या समुद्रातले खोल पाण्यातले बार्नॅकलही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कागदावर आले. 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजाने हिंदी महासागरातून खरवडून आणलेला साठा कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी अभ्यासला. हेच पुढे १९१६ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक झाले.

आता हिशेब मांडू. सातपुड्यातला कोरडवाहू शेतकरी एका वावरात ज्वारी, मका, तूर, उडीद मिसळून पेरतो, कारण पाऊस कसा पडेल याचा भरवसा नसतो. खर्च कुठे करायचा हे जमीन आणि आभाळ ठरवतं. बार्नॅकलचंही तसंच. त्याच्याकडे ऊर्जा ठरावीक असते. भोवती पन्नास शेजारी असतील, तर वीर्यावर केलेला खर्च वसूल होतो. शेजारी एक किंवा शून्य असेल, तर तो खर्च वाया. तेव्हा मोठ्या देहाने अंड्यांवर खर्च करावा हे बरं. आणि नवं आलेलं पिल्लू? त्याला दुसरी जागा मिळण्याची शक्यता जवळपास नाही. मोठं होईपर्यंत थांबलं, तर थांबतच मरेल. मोठ्या बार्नॅकलच्याच अंगावर बसून, खुजं राहून, लगेच नर झालं तर पुढची पिढी तरी होईल.

एरिक चार्नॉव्ह यांनी हा हिशेब गणिताने मांडला. २०१२ साली जपानमधल्या योइची युसा आणि सहकाऱ्यांनी तो देठवाल्या बार्नॅकलच्या वंशवृक्षावर तपासला. ज्या जातींत एकएकटं राहणं जास्त, तिथे बटू नर जास्त. बटू नर आणि शुद्ध माद्या या वृक्षाच्या वेगवेगळ्या फांद्यांवर पुन्हा पुन्हा उगवल्या. आणि क्रम बहुधा असा: आधी बटू नर आले, आणि ते आहेत म्हटल्यावर मोठ्यांनी नरपण सोडून दिलं. म्हणजे पुराणकथेत शोभेल अशी 'आदिमाता' इथे नाही. इथे मादी नंतर आली.

अंड्यांचंही तेच. किनाऱ्यावरचा बार्नॅकल हजारो बारीक पिल्लं सोडतो, ती पाण्यात खात-पीत वाढतात. खोल समुद्रात पिल्लांना खायला काही नाही. म्हणून तिथल्या पुष्कळ जाती थोडी, मोठी, बलकाने भरलेली अंडी घालतात. पिल्लू घरून डबा बांधून निघतं.

आता सांगा, यात 'वरचा' कोण? किनाऱ्यावरचा उभयलिंगी, की खोलातली मादी, की तोंड नसलेला बटू नर? प्रश्नच चुकीचा आहे. प्रत्येकजण आपापल्या पाण्याला दिलेलं उत्तर आहे.

शिडी कुणी लावली

पण हाच प्राणी शिडी लावायलाही वापरला गेला. १८८० साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रे लँकेस्टर यांनी 'डीजनरेशन' म्हणजे अधःपतन या नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. त्यातला एक ठळक आरोपी बार्नॅकल. बघा, म्हणे, पिल्लूपणात पोहत होता, डोळे होते, पाय होते, आणि मोठा होऊन दगडाला चिकटून बसला. खेकड्याच्या अंगात मुळं पसरून राहणारा त्याचा भाऊबंद 'सॅक्युलिना' तर अगदीच पतित. तिथे थांबले असते तर गोष्ट वेगळी. लँकेस्टरनी तेच माप माणसांना लावलं. युरोपातल्या गोऱ्यांनाही घसरणीचा इशारा दिला आणि दूरदेशीच्या काही आदिवासी समाजांवर 'अधःपतित' असा शिक्का मारला.

युक्ती ओळखा. आधी निसर्गात शिडी कल्पायची. मग प्राण्यांना तिच्या पायऱ्यांवर बसवायचं. मग हळूच माणसांना. आणि शिडी काढणारा नेहमी सगळ्यांत वरच्या पायरीवर सापडतो, हा काय योगायोग?

डार्विनने स्वतःला बजावलं होतं, की 'वरचा-खालचा' हे शब्द वापरायचे नाहीत. त्यालाही ते पाळता आलं नाही. १८७१ सालच्या 'डिसेंट ऑफ मॅन'मध्ये तो 'रानटी' आणि 'सुधारलेले' अशी माणसांची उतरंड लावतोच. म्हणून मुद्दा डार्विनच्या भक्तीचा नाही. बार्नॅकलने दिलेला पुरावा त्याने काढलेल्या त्या निष्कर्षापेक्षा मोठा आहे, एवढंच.

नंदुरबारला समुद्र नाही

नंदुरबारला समुद्र नाही, हे खरं. तापी जिल्ह्यातून जाते आणि सुरतेपाशी समुद्राला मिळते, नर्मदा उत्तर सीमेवरून भरूचकडे जाते, बस. पण जरा मागे जा. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा याच नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरला होता. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाग गावाच्या परिसरात आजही खडकांत शिंपले, समुद्री साळू, शार्कचे दात सापडतात. जगातल्या त्या काळच्या समुद्रांत देठवाले बार्नॅकल होतेच. पुढे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला आणि बराचसा मुलूख दगडाखाली गेला. आज जो जिल्हा 'दूरचा' वाटतो, त्याच्या उशाशी एकेकाळी भरती-ओहोटी होती. दूर आणि जवळ हेही काळ ठरवतो.

समुद्र नाही, पण शिडी मात्र आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११च्या जनगणनेत इथले जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे: भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, गावित आणि इतर. २०१८ साली देशभरातून 'आकांक्षित जिल्हे' निवडले, त्यांत महाराष्ट्रातले चार: गडचिरोली, वाशीम, उस्मानाबाद आणि नंदुरबार. शाळा, दवाखाने, रस्ते यांचं मोजमाप व्हायलाच हवं. पण ते आकडे बातमीत येता येता माणसांची पायरी होऊन जातात. 'ते लोक अजून मागे आहेत.' 'अजून जुन्याच काळात जगतात.' धडगावचा माणूस आणि पुण्याचा माणूस एकाच तारखेला जगतात. कुणीही कुणाचा भूतकाळ नसतो.

सगळ्यांत घातक शिडी रक्तात घातली जाते. सिकलसेल. भारतात १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींत त्याची नोंद झाली. नंदुरबारच्या आदिवासी समाजांतही तो आहे, आणि 'यांच्या रक्तातच खोट आहे' हे वाक्य त्याच्याबरोबर चालत येतं. आता उत्क्रांतीला विचारा. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं, की सिकलसेलचं एकच जनुक असलेल्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. दोन्ही जनुकं आली तर आजार, एक आलं तर ढाल. मलेरियाच्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या हे जनुक टिकलं ते जगवलं म्हणून. खोट, शुद्धता, वरचं रक्त, खालचं रक्त, यातला एकही शब्द इथे लागू होत नाही. बार्नॅकलने वीर्याचा आणि अंड्यांचा हिशेब आपल्या पाण्याप्रमाणे केला, या रक्ताने डासांच्या मुलुखाप्रमाणे केला. दोन्हीकडे किंमत मोजावी लागली. खोलातल्या नराने तोंड गमावलं. इथे काही मुलांच्या वाट्याला वेदना आली.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. तपासणी होते, कार्ड मिळतं, लग्नाआधी समुपदेशन होतं. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, हे सांगितलं जातं. सांगायलाच हवं. पण कार्ड हातात देताना हे जनुक तुमच्या पूर्वजांपाशी का टिकलं, हेही सांगाल का? ते कारण माहीत नसलेलं कार्ड म्हणजे कपाळावरचा शिक्का. माहीत असलेलं कार्ड म्हणजे माहिती.

'मग कुपोषणही परिस्थितीचंच उत्तर का?'

हा आक्षेप येणार, आणि तो यायलाच हवा. परिस्थितीला सगळेच उत्तर देतात म्हटलं, तर उपाशी मुलाची बारीक दंडही 'जुळवून घेणं' ठरेल का? नाही. बटू नर लाखो वर्षांच्या निवडीतून आला, आणि खोल समुद्रातला अंधार कुणाच्या सहीने झालेला नाही. अंगणवाडीत न पोचलेला आहार, रस्ता नसल्याने झोळीतून न्यावी लागणारी बाळंतीण, बुडालेलं वावर, हे माणसांनी घेतलेल्या निर्णयांतून होतं आणि माणसांनी घेतलेल्या निर्णयांतूनच बदलतं. निसर्गात एखादी गोष्ट का घडली हे सांगणं वेगळं आणि ती योग्य आहे म्हणणं वेगळं. शिडीवालेच या दोन गोष्टींची गल्लत करतात. तेच 'निसर्गनियम' म्हणून बाईने काय करावं, पुरुषाने काय करावं हे सांगत फिरतात. त्यांना विचारा: कुठल्या प्राण्याचा नियम? किनाऱ्यावरच्या बार्नॅकलचा की खोलातल्या?

दुसरा आक्षेप: कागदावर 'मागासवर्गीय' आहे, त्याच्या सवलती घेता, मग शब्दाचं काय वावडं? कागदावरचा तो शब्द कुणी अन्याय केला त्याची नोंद आहे. कर्जाच्या वहीत सावकाराने बुडवलेली रक्कम लिहिलेली असते, तशी. ती वसूल करायची असते. तिच्यावरून देणेकऱ्याऐवजी घेणेकऱ्यालाच कमी प्रतीचा ठरवणं हा उलटा न्याय झाला.

पहिला धडा

२०२३-२४च्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याची नुसती 'आनुवंशिकता' उरली. १८००हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाचं पत्र लिहिलं. उत्तर आलं, बारावीच्या जीवशास्त्रात आहे की! बारावीत जीवशास्त्र घेणारे किती? आणि दहावीनंतर शाळा सुटणाऱ्या मुलीने काय करायचं? तिला जनुकं कळतील, पण ती तिच्यापर्यंत का आली हे कळणार नाही. सिकलसेलच्या जिल्ह्यात ही काटछाट निव्वळ अभ्यासक्रमाची राहत नाही.

आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात, विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये, पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. तो पहिला आहे याचा मला आनंद आहे, आणि अभ्यासक्रम बदलाच्या कुठल्याही फेरीत तो निघता कामा नये. पण नुसता असून भागणार नाही. माकड ते माणूस अशी रांग फळ्यावर काढून तो शिकवला, तर आश्रमशाळेतलं पोर त्या रांगेत स्वतःला शोधणार, आणि बाहेरचं जग त्याला कुठे उभं करतं हे त्याला आधीच माहीत आहे.

त्याऐवजी एक तास बार्नॅकलला द्या. फळ्यावर किनारा काढा, खोल समुद्र काढा. मुलांना विचारा: शेजारी पन्नास असतील तर तुम्ही काय कराल? एकही नसेल तर? अंडी किती, केवढी? हिशेब मुलंच करतील. ज्यांच्या घरी दरवर्षी बियाणं मोजून पेरलं जातं, त्यांना तो कुणापेक्षाही लवकर जमेल. मग त्याच तासाला सिकलसेलचं कार्ड काढा आणि तोच प्रश्न रक्ताला विचारा.

तुम्ही हे फोनवर वाचताय, म्हणून एक काम तुमच्याकडेही. पुढच्या वेळी 'ते लोक अजून उत्क्रांत झाले नाहीत' असं कुणी लिहिलं, तर त्याला विचारा, कुठल्या पाण्यासाठी? उत्तर देता आलं नाही, तर त्याला विज्ञानातलं काही माहीत नाही. त्याला फक्त स्वतःची पायरी सांभाळायची आहे.